लिपिडचे कण, बकऱ्याचा कान आणि एक खोटा आलेख

२६ जुलै २०२४ ला माझी एम. फार्म.ची व्हायव्हा झाली. फार्मास्युटिक्स शाखा, सांगली जिल्ह्यातलं कॉलेज, आणि विषय होता ल्युलिकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचे लिपिड नॅनोकण करून त्यांचं जेल बनवणं. वर्षभरात काही अडलं की मी शोधनिबंध उघडायचे. तिथे प्रत्येकाची बॅच जमलेली असायची. बीकरमध्ये रात्रीतून श्रीखंड झालं, असं कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं तारखांसकट लिहून ठेवतेय.

विषय ऑगस्ट २०२३ मध्ये ठरला. घरी आईला सांगताना मी २०२१ चा उन्हाळा काढला. म्युकरमायकोसिसच्या वेळी ज्या इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते, ते लायपोसोमल अँफोटेरिसिन, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं औषध. माझं त्याच्या चुलतभावासारखं. पिशवी नाही, घट्ट गोळी. खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारी चरबी वितळवायची, त्यात औषध विरघळवायचं, गरम पाण्यात तिचे २०० नॅनोमीटरच्या आसपासचे थेंब करायचे आणि गार करायचे. थेंब थिजले की औषध आत कोंडलं जातं आणि मग सावकाश सुटत राहतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये म्युलर आणि तुरिनमध्ये गास्को यांनी हे कण पुढे आणले. आई म्हणाली, "म्हणजे तूप कढवायला कॉलेजात जातेस." पुढे तिचं हे वाक्य मला फार उपयोगी पडलं.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, तयार व्हायला तीन आठवडे लागले. माझ्या गाइड मॅडमनी दोनदा परत पाठवला, कारण शीर्षकात मी 'नॉव्हेल' घातलं होतं. तिसऱ्या खेपेला प्रपोजल प्रेझेंटेशन झालं आणि शीर्षक विद्यापीठाकडे गेलं. त्यात 'सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल्स' असे शब्द होते. ते तीन शब्द लक्षात ठेवा, मार्चमध्ये त्यांनी मला रडवलं.

मग गिफ्ट सॅम्पल, म्हणजे कंपनीकडून फुकट मागायचा नमुना. शुद्ध औषध विकत घ्यायला पैसे नव्हते. जीपॅट या प्रवेश परीक्षेवर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळायची, पण ती कधी जमा होईल ते खातंच जाणे. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, मॅडमची सही, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. पत्रात तीन गोष्टी लिहायच्याच: किती ग्रॅम हवंय, कशासाठी हवंय, आणि हे फक्त अभ्यासासाठी असून विक्रीसाठी नाही. चार कंपन्यांना पत्रं गेली. दोघांचं उत्तरच नाही, एकीने विनम्र नकार दिला, चौथीकडून ५ ग्रॅमचं पाकीट २३ ऑक्टोबरला, ऐन खंडेनवमीला आलं. लॅबमधल्या मामांनी त्या दिवशी सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी थेंब फोडणाऱ्या यंत्राला) झेंडूचा हार घातला होता. मी पाकीटही तिथेच ठेवून हळदकुंकू वाहिलं. सोबत आलेलं विश्लेषणाचं प्रमाणपत्र मात्र लगेच स्कॅन करा. माझं मूळ प्रमाणपत्र फेब्रुवारीत फाइलमधून गायब झालं, आणि ते थिसिसला जोडावं लागतं.

लिपिड मिळवणं त्या मानाने सोपं गेलं. काँप्रिटॉल आणि प्रिसिरॉल यांचे नमुने मागितल्यावर दहा दिवसांत आले, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट आणि स्टिअरिक अॅसिड स्टोअरमध्येच होतं. कोणतं घ्यायचं ते ठरवायला एक ग्रॅम लिपिड वितळवून त्यात औषध चिमूट चिमूट टाकत जायचं आणि कुठे गढूळ होतं ते पाहायचं. दोन दिवसांचं काम. काँप्रिटॉल जिंकलं. ते ग्लिसरिल बेहेनेट, साधारण ७० अंशांना वितळतं, आणि मोनो-, डाय-, ट्राय- अशी तिन्ही ग्लिसराइड्स त्यात मिसळलेली असतात. ही भेसळ इथे गुणाची. एकाच जातीच्या रेणूंचा स्फटिक शिस्तीत, विटेला वीट लावून रचला जातो आणि औषधाला बसायला फटच उरत नाही.

पहिली बॅच १ नोव्हेंबरला. लिपिड ८० अंशांवर वितळवलं, औषध टाकलं, त्याच तापमानाचं पोलोक्झामर १८८ या सरफॅक्टंटचं (थेंबांना साबणासारखं वेगळं ठेवणाऱ्या द्रव्याचं) पाणी ओतलं, दहा मिनिटं होमोजिनायझर (जोरात घुसळणारं यंत्र), मग पाच मिनिटं प्रोब सोनिकेटर. दुधासारखं पांढरं, निळसर झाक असलेलं द्रावण तयार झालं. मी फोटो काढून घरी पाठवला. बीकर टेबलावर तसाच ठेवून हॉस्टेलवर गेले. सकाळी बीकर उलटा केला तरी काही सांडेना. घट्ट श्रीखंड.

कारण समजून घ्यायला आठवडा गेला. थेंब गोल असतो. थिजल्यावर लिपिड जसजसं जास्त नीटनेटक्या स्फटिकरूपात जातं, तसतशी गोळीची चपटी चकती होते. चकतीचं पृष्ठफळ गोळीपेक्षा जास्त. तेवढं झाकायला सरफॅक्टंट पुरलं नाही की चकत्या एकमेकींना चिकटून जाळं करतात आणि पाणी त्यात अडकतं. मी लिपिड १० टक्के घेतलं होतं, पोलोक्झामर फक्त १ टक्का, आणि वर गार व्हायला रात्रभर मोकळं सोडलेलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आई लोणी कढवत होती. पातेलं उतरवून म्हणाली, "हलवू नको, हळूहळू थिजू दे, मग रवाळ होतं." मला हवं होतं ते बरोबर याच्या उलट. रवा धरू द्यायचा नाही. सुट्टीनंतर लिपिड ५ टक्के, पोलोक्झामर २ टक्के, थोडं सोया लेसिथिन, आणि सोनिकेशन संपताच बीकर बर्फात, ढवळणं चालू ठेवून. परत कधी श्रीखंड झालं नाही.

सोनिकेटरबद्दल दोन बारीक गोष्टी. सोनिकेशन चालू असताना बीकर गरम पाण्यातच हवा, नाहीतर प्रोबभोवती लिपिड थिजतं आणि तुम्ही मेण हलवत बसता. आणि टायटॅनियमच्या प्रोबचं टोक झिजतं. माझ्या एका बॅचच्या तळाशी करडी भुकटी दिसली. मला वाटलं औषध जळलं. मामांनी प्रोब काढून टोकावरचे खड्डे दाखवले. तेव्हापासून प्रत्येक बॅच आधी हलकी फिरवून वरचा भाग घ्यायला लागले.

कणांचा आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. कोल्हापूरला एका लॅबमध्ये नमुन्यामागे ४०० रुपये, बुकिंगनंतर आठ-दहा दिवसांनी नंबर. एसटीने व्हायल मांडीवर धरून जायचे. पहिल्या खेपेला ३१२ नॅनोमीटर आणि पीडीआय, म्हणजे आकारांमधली तफावत, ०.४१, म्हणजे लहानमोठे सगळे एका पंगतीत. पल्स पाच सेकंद चालू, पाच बंद असं करून वेळ वाढवल्यावर डिसेंबरअखेर १८४ आणि ०.२३. झेटा पोटेन्शियल, म्हणजे कणांना एकमेकांपासून लांब ठेवणाऱ्या विद्युतभाराचं माप, उणे २१ आलं तेव्हा मी घाबरले, कारण पुस्तकात उणे असो वा अधिक, ३० हवं असं असतं. मॅडम म्हणाल्या, पोलोक्झामर कणांना नुसत्या विद्युतभाराने नाही, अंगावरच्या साखळ्यांच्या गर्दीनेही लांब ठेवतो, त्यामुळे एवढं चालतं. नमुना पाठवताना पातळ किती पट केलात ते व्हायलवर लिहा. मी लिहिलं नव्हतं, ८०० रुपये पाण्यात गेले.

संक्रांतीच्या आठवड्यात एन्ट्रॅपमेंट काढलं, म्हणजे किती औषध कणांच्या आत गेलं. सेंट्रिफ्यूज केलं, वरच्या पाण्यातलं मोकळं औषध मोजलं, ते एकूणातून वजा केलं. ९६ टक्के. मी तिळगूळ वाटत फिरले. मग लक्षात आलं, ल्युलिकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे मीच सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं. कणांबाहेर राहिलेलं औषध पाण्यात कसं दिसेल? ते स्फटिक होऊन कणांबरोबर तळाशी बसलेलं असणार. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर खरंच सुयांसारखे स्फटिक चमकत होते. मग आधी हळू फिरवून स्फटिक खाली बसवायचे, ते वेगळे मोजायचे, आणि उरलेलं अल्ट्राफिल्ट्रेशनच्या नळीत. या नळ्या महाग पडतात, आम्ही तिघींनी वर्गणी काढून एक पाकीट घेतलं. खरा आकडा ७८ निघाला.

आता त्या आलेखाकडे येते.

औषध किती वेगाने सुटतं ते पाहण्यासाठी डायलिसिसची पिशवी वापरतात. १२ ते १४ हजार डाल्टनची, म्हणजे त्याहून मोठे रेणू आणि कण अडवणारी पट्टी रात्रभर पाण्यात भिजवायची, एका टोकाला गाठ, आत १ मिली द्रावण, दुसऱ्या टोकाला गाठ, आणि १०० मिली बफरमध्ये (ठरावीक आम्लतेच्या द्रावणात) ३२ अंशांवर, म्हणजे कातडीच्या पृष्ठभागाच्या तापमानाला, ढवळत ठेवायची. ठरावीक वेळाने ५ मिली काढायचं, तेवढंच ताजं भरायचं. हे २४ तास. मुलींना रात्री लॅबमध्ये थांबायला परवानगी हवी. त्यासाठी माझा अर्ज, मॅडमची शिफारस, वडिलांचं संमतीपत्र (सहीच्या फोटोवर भागलं नाही, मूळ कागद एसटीच्या पार्सलने आला), रेक्टरची सही, वॉचमनच्या वहीत नोंद आणि सोबतीला एक मैत्रीण. यात नऊ दिवस गेले. अर्ज एकाच तारखेचा करू नका, "दिनांक अमुक ते अमुक यांपैकी चार रात्री" असा करा.

६ फेब्रुवारीला पहिला प्रयोग. २४ तासांत ३८ टक्के औषध सुटलं. आलेख इतका देखणा की वेळेच्या वर्गमुळाशी जवळजवळ सरळ रेषा. हिगुचीने १९६१ मध्ये हे समीकरण मांडलं ते मुळात मलमातून सुटणाऱ्या औषधासाठीच, म्हणून मला ते अगदी आपलं वाटायला लागलं. रंगीत प्रिंट काढून मी मॅडमकडे गेले. त्यांनी तो पाच सेकंद पाहिला आणि विचारलं, "नुसतं औषध याच पिशवीत घालून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. १३ फेब्रुवारीला बघितलं. कण नाहीत, लिपिड नाही, नुसतं औषध पाण्यात कालवून. २४ तासांत ४१ टक्के.

म्हणजे माझ्या कणांनी काहीच रोखून धरलं नव्हतं. हिशेब मांडला तर १०० मिली बफरमध्ये मुळात विरघळू शकेल तेवढं औषध पिशवीतल्या औषधाच्या निम्म्याहूनही कमी होतं. बाहेर जागाच नाही तर आतून येणार कुठून? भरलेल्या एसटीच्या दारात लोक लोंबकळतात, याचा अर्थ दार अरुंद आहे असा होत नाही. आमच्या भाषेत याला सिंक कंडिशन नसणं म्हणतात. बाहेरचं द्रव, पिशवीतलं सगळं औषध विरघळवायला लागेल त्याच्या निदान तिप्पट हवं. मी ही व्याख्या बी. फार्म.ला पाठ करून गुण मिळवले होते. त्या रात्री मेसला गेले नाही. सहा महिने कशाला घालवले, असं सारखं मनात येत राहिलं. आईला फोन केला, ती म्हणाली, "निदान तुला कळलं तरी." त्या क्षणी रागच आला होता.

राग गेल्यावर भीती उरली. मी वाचलेल्या किती निबंधांत पिशवीतल्या नुसत्या औषधाची रेघ होती ते पुन्हा जाऊन मोजलं. माझ्या फाइलमधल्या २६ पैकी ९ निबंधांत ती नव्हतीच.

बफरमध्ये ३० टक्के मिथेनॉल घालून औषधाची विद्राव्यता पुन्हा मोजली. तिपटीपेक्षा बरीच जास्त भरली. इतक्या मिथेनॉलमध्ये लिपिडचे कणच बिघडत नाहीत ना, हे तपासायला त्यात २४ तास ठेवलेल्या कणांचा आकार कोल्हापूरहून परत मोजून आणला. फरक नव्हता. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) व्हायव्हात नेमका हाच प्रश्न विचारला, त्यामुळे ते ८०० रुपये वसूल झाले. लीप वर्षाच्या २९ फेब्रुवारीच्या रात्री तिसरा प्रयोग. नुसतं औषध चार तासांत ८८ टक्के. कणांमधलं पहिल्या दोन तासांतच ३४ टक्के भसकन बाहेर, आणि पुढे मात्र खरंच सावकाश. पहाटे चारच्या रीडिंगला आम्ही दोघींनी बीकरभोवती मॅगी खाल्ली. लॅबमध्ये खायचं नसतं, माहीत आहे.

सुरुवातीच्या त्या भसक्याचं कारण गरम पद्धतीतच आहे. ८० अंशांच्या साबणाळ पाण्यात बरंच औषध विरघळून बाहेर राहतं. गार होताना ते परत कणांकडे येतं, पण तोवर गाभा थिजलेला असतो, म्हणून सालीवरच बसतं. सरफॅक्टंट आणि तापमान गरजेपुरतंच ठेवलं तर हे कमी होतं. मी ७६ अंशांवर आणि पोलोक्झामर दीड टक्क्यावर आले, थोडा फरक पडला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महिनाभर ठेवलेल्या व्हायल्स उघडल्या. पुन्हा सुया. चकतीची आणि विटांची तीच गोष्ट: लिपिड साठवणीत आणखी शिस्तीत रचलं जातं आणि औषधाला ढकलून बाहेर काढतं. कोंडलेलं औषध महिन्यात घर सोडून निघालं होतं. यावरचा उपायही जुनाच आहे, घट्ट लिपिडात थोडं पातळ तेल मिसळायचं, म्हणजे रचना कायमची ढिसाळ राहते. मी तीस टक्के ओलिक अॅसिड घातलं. पण मग त्या कणांना सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल्स म्हणत नाहीत, नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरियर्स म्हणतात. आणि माझं शीर्षक मंजूर होऊन सात महिने झाले होते.

शीर्षक बदलायची शेवटची तारीख ३० मार्च. मध्ये धुळवड आणि गुड फ्रायडे. विहित नमुन्यातला अर्ज, बदलाचं शास्त्रीय कारण एका पानात, मॅडम-एचओडी-प्राचार्य सह्या, ५०० रुपयांचं चलन. खिडकीवर सांगितलं की चलन जुन्या खात्याचं आहे, नवीन भरा. नवीन भरलं तर प्राचार्यांच्या सहीखाली तारीख नाही. तिसऱ्या फेरीला २८ तारखेला, खिडकी बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी, आवक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुमचा विषय याच्या जवळपास असेल तर शीर्षकात सरळ 'लिपिड बेस्ड नॅनोपार्टिकल्स' लिहा, म्हणजे दोन्ही बाजूंना दार उघडं राहतं.

एप्रिलमध्ये नवे कण पटापट जमले. हात बसला होता. दोन तासांतला भसका १८ टक्क्यांवर आला, २४ तासांत ६८. मे महिन्यात एका मोठ्या संस्थेत हाय प्रेशर होमोजिनायझरवर एक दिवस मिळाला, कारण कारखान्यात हे कण प्रोबने करत नाहीत. तिथल्या ताईंनी आधी उकळतं पाणी यंत्रातून फिरवून घेतलं, नाहीतर लिपिड व्हॉल्व्हमध्येच थिजतं. ८०० बार दाब, तीन फेऱ्या. दर ५०० बारला द्रवाचं तापमान साधारण १० अंशांनी वाढतं, तेही धरून चालायचं. हौसेने मी पाच फेऱ्या करू म्हटलं. पाचव्या फेरीनंतर आकार कमी व्हायच्या ऐवजी वाढला. जास्त रेटलं की कण एकमेकांवर आपटून जुळायला लागतात.

७ मेला लोकसभेचं मतदान, मॅडम ड्यूटीवर, लॅब चार दिवस बंद. बाहेर चाळिशी पार केलेला पारा. फ्रिजमधल्या व्हायल्सचं काय झालं असेल या काळजीने मी वॉचमनकाकांना रोज फोन करून "लाइट आहे ना?" विचारायचे.

कातडीवरच्या प्रयोगासाठी बकऱ्याचा कान ठरला. एका मटणाच्या दुकानातून कान आणायचा, तासाभरात बर्फातून लॅबमध्ये, केस कापायचे, आतली कूर्चा सोडवायची. कॉलेजच्या समितीला दुकानदाराचं लेखी हवं होतं की जनावर खाण्यासाठीच कापलं होतं. चाचा म्हणाले, "बेटा, लोक माझ्याकडे कलेजी मागतात, तू कान मागतेस, वर सहीपण?" सही दिली, कान फुकट दिले. रविवारी जाऊ नका, गर्दीत कान धड मिळत नाही. कातडी सोलताना माझी पहिली चार भोकं पडली, आणि भोक पडलेल्या कातडीतून औषध अर्थातच धबधब्यासारखं जातं.

टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो पवईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्रातून आले. जूनमध्ये लिखाण. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत पहिल्यांदा २३ टक्के आलं, त्यातलं अर्धं कृतीच्या प्रकरणातलं. चार प्रतींचं बाइंडिंग २,४०० रुपये. १० जुलैला थिसिस जमा. माझ्या वहीतली वर्षाची बेरीज ३१,००० च्या थोडी वर गेली, एसटीचं भाडं धरून.

व्हायव्हा पस्तीस मिनिटं चालली. थिसिसमध्ये मी ६ फेब्रुवारीचा तो खोटा आलेखही ठेवला होता, शेजारी नुसत्या औषधाची रेघ काढून. मॅडमनी सांगितलं म्हणून नाही, मलाच तो टाकून द्यावासा वाटला नाही. एक्स्टर्नल त्याच पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबले.

नंतर नो ड्यूजचा फॉर्म, अकरा सह्या. दहा मिळाल्या. अकराव्याला स्टोअरच्या सरांनी रजिस्टर उघडलं: एक फ्रांझ सेल (कातडीच्या प्रयोगाचं काचेचं भांडं) फुटलेला, ६५० रुपये, कबूल. आणि एक लहान मॅग्नेटिक बीड (ढवळायचा चुंबक) कमी. दोन दिवस सगळी ड्रॉवर्स उपसली. शेवटी बीड फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सापडला, १ नोव्हेंबरच्या त्या श्रीखंडात घट्ट रुतलेला. मामांनी तो बीकर आठवण म्हणून जपून ठेवला होता.